लिटल पेनफोल्डची पाटी

मर्विन प्रॉसरच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सायकल क्लबच्या वसंतफेरीला तीन दिवस उरले आणि गडी लंगडायला लागला. तेही कधी डाव्या पायाने, कधी उजव्या. बायको ग्लेनिस दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी उकडलेलं अंडं पुढ्यात ठेवत म्हणाली, "मर्व्ह, एक कुठला तरी पाय ठरव. लोक विचारतील."

"दोन्ही दुखतात," मर्विन म्हणाला.

"दुखतंय ते गुडघ्यात नाही, पोटात," ती म्हणाली आणि स्वतःचं अंडं फोडायला लागली.

बाईचं खरं होतं. मर्विनच्या पोटात नोव्हेंबरपासून दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं टॅबिथा क्रेन.

मर्विनचं वय एकाहत्तर. अडतीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. पहाटे चारला निघायचं, डोंगरातल्या गोठ्यागोठ्यावर जाऊन दूध भरायचं आणि डेअरीवर रिकामं करायचं. कुठल्या गोठ्यावर कुत्रा सुटा असतो, कुठल्या उतारावर हिवाळ्यात शेण सांडलेलं असतं, कुठल्या अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर कोण मुकाट्याने मागे जातो आणि कोण काच खाली करून आईबाप काढतो, हे सगळं त्याला पाठ. रविवारी टँकर बंद, की हा सायकलवर. आमच्या ब्रॉक्स्टन व्हीलर्स क्लबात त्याच्याइतके रस्ते कुणालाच ठाऊक नव्हते, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तिथेच तर सगळी गोम होती.

क्लबची वसंतफेरी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी असते. सकाळी आठला गावच्या हॉलपासून सुटायचं, बासष्ट मैल फिरून दुपारी तीनच्या आत परत यायचं. हातात पुठ्ठ्याचं एक छोटं कार्ड असतं, परतल्यावर त्यावर शिक्का बसतो. बक्षीस नाही, पैसे नाहीत, नंबर नाही. नुसता शिक्का. पण त्या शिक्क्यासाठी शहाणीसुरती माणसं गारपिटीत चौदा चढ चढतात. फेरी फार जुनी, पण आधी ती सरळसोट हमरस्त्याने जायची. एकतीस वर्षांपूर्वी मर्विनने तिला नवी वाट आखून दिली, आणि तेव्हापासून ती मर्विनची वाट झाली.

वाटेचा कागदही तोच करायचा. टाइपरायटरवर, दोन बोटांनी. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलला बांधायचा आणि वाचत जायचं: 'डावीकडे, लाल टपालपेटी. सरळ, कुत्रा (भुंकतो, चावत नाही). उजवीकडे, चर्च. तिथल्या घड्याळावर विश्वास ठेवू नये.' वेळेच्या बाबतीत मात्र मर्विन कसाई. एकदा त्याचा सख्खा मेहुणा चार मिनिटं उशिरा पोचला. मर्विनने शिक्का उचलून खिशात घातला. तो मेहुणा त्यानंतर तीन नाताळ जेवायला आला नाही. मर्विन म्हणायचा, "वेळ म्हणजे वेळ. आज चार मिनिटं सोडली की उद्या चाळीस मागतील."

आणि मग ब्रिस्टलहून ही टॅबिथा आली. वय बेचाळीस, जुनी बेकरी विकत घेऊन तिथेच राहते, घरबसल्या कॉम्प्युटरवर काहीतरी काम करते. क्लबात येऊन तिला तीन वर्षं झाली नव्हती. नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत ती उभी राहिली आणि अगदी अदबीने बोलली. म्हणाली, मर्विनची वाट सुंदर आहे, पण त्यातले चार मैल आता कोंबड्यांच्या शेडकडे जाणाऱ्या लॉऱ्यांनी भरलेत. गेल्या वर्षी दोघं गटारात गेले. मी मागच्या गल्ल्यांनी एक वाट काढली आहे, बघाल का? भिंतीवर तिने नकाशा दाखवला. हात वर झाले. तिच्या वाटेला एकोणीस, मर्विनच्या वाटेला चार.

एकोणिसातला एक हात ग्लेनिसचा होता.

"माझ्याच घरचा हात!" घरी परतताना मर्विन गाडीत ओरडला.

"हात माझा आहे," ग्लेनिस म्हणाली. "तुला लॉरीखालून काढून आणायला मीच जायचं ना? मग मत पण माझंच."

सभेत शेवटी कुणीतरी मर्विनच्या एकतीस वर्षांसाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या, आणि सगळ्यांनी उभं राहून वाजवल्या. निरोप देताना वाजवतात तशा. ते त्याला मतांपेक्षा जास्त झोंबलं.

त्यानंतर हिवाळाभर माणूस आतल्या आत धुमसत होता. दुकानात टॅबिथा दिसली की हा पावाच्या रांगेतून निघून जायचा. ती हसून "कसे आहात, मर्विन?" म्हणाली की ते हसणंही त्याला खोटं वाटायचं, आणि खोटं नसेल तर आणखीच राग यायचा. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, कुणी बघणार नाही अशा दिवशी, तो सायकल काढून गुपचूप तिच्या वाटेवर गेला. खिशात वही आणि पेन्सिल. चुका टिपायला, दुसरं कशाला!

पहिल्या वीस मैलांत त्याने अकरा चुका लिहिल्या. 'खड्डा. चिखल. वळण आंधळं. पुन्हा चिखल.' तिथून पुढे हॅटन बॅरोच्या मागची गल्ली लागली. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच कुंपणं, मध्ये गवत उगवलेलं, चढ असा की पुढचं चाक उचलतं की काय. वर पोचला आणि एका फाटकापाशी कुंपण एकदम संपलं. खाली सगळं खोरं पसरलेलं. शेतं एकामागून एक उतरत गेलेली, मेंढ्या, तीन गावांचे तीन मनोरे, आणि लांब वेल्सच्या डोंगरांवर अजून बर्फ. मर्विन एक पाय टेकवून उभा राहिला. ह्या टेकडीखालून तो अडतीस वर्षं रोज गेला होता. पण टँकर ह्या गल्लीत शिरत नसे, त्यामुळे वर काय आहे ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि तीन वर्षांपूर्वी आलेल्या बाईने ते शोधून काढलं होतं.

वाट भिकार निघाली असती तर एक वेळ त्याने सहन केलं असतं. वाट चांगली होती. त्याच्या वाटेपेक्षा चांगली होती. मर्विनने वहीतली ती पानं फाडून फाटकापलीकडे भिरकावली आणि मग, कचरा टाकणाऱ्यांवर त्याचा जन्मभराचा राग असल्यामुळे, फाटक चढून ती परत गोळा केली.

आता खांबाबद्दल सांगायला हवं.

स्टोनी क्रॉस म्हणून एक चौक आहे, आजूबाजूला घर नाही दार नाही. कोपऱ्यात, कुंपणाला लागून, ओतीव लोखंडाचा जुना खांब आणि त्याला चार दिशांना चार पाट्या. त्यांतली लिटल पेनफोल्डची पाटी ढिली. हिवाळ्यातला वारा, नाहीतर कुंपण छाटणारा ट्रॅक्टर, दर वर्षी तिला ढकलून भलतीकडे वळवतो. तिचा बोल्ट जुन्या मापाचा, आजकालचा कुठलाच पाना त्याला बसत नाही. मर्विनच्या बापाचा एक पाना होता, तो बसायचा. म्हणून दर वर्षी फेरीच्या आधीच्या गुरुवारी मर्विन तिथे जायचा, पाटी सरळ करायचा, बोल्ट आवळायचा आणि घरी यायचा. कुणाला सांगायचा नाही. हे ठाऊक असलेला माणूस एकच, क्लिफ टिप्टन, कारण पहिल्या वर्षी मर्विनला वर चढताना आधार द्यायला तोच खाली उभा होता.

त्या गुरुवारीही मर्विन गेला. पायांना सवय. पाटी वळलेलीच होती. नेसफर्डच्या पाटीला चिकटून बसली होती, एकाच रस्त्याला दोन गावं. बघणाऱ्याला खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. मर्विन कुंपणाच्या कठड्यावर चढला, पाना बोल्टला लावला आणि तसाच थांबला.

वाट कुणाची? तिची. मग पाटी कुणी बघायची?

त्याने पाना काढून खिशात घातला. हँडलवर ते रस्ता दाखवणारे इलेक्ट्रॉनिक पडदे लावून फिरतात ना, पडद्यांनाच विचारा म्हणावं. दोन-चार पोरं नेसफर्डच्या ओढ्यात जाऊन चिखलाने माखून परत येऊ देत. आणि कुणीतरी एकाने, नुसतं एकाने, म्हणू दे की मर्विनच्या काळात कुणी चुकत नव्हतं. एवढंच हवं होतं त्याला. एवढ्यासाठी तो खाली उतरला आणि घरी येऊन लंगडायला लागला.

रविवारी ग्लेनिसने त्याला हॉलवर ओढत नेलं. सायकल चालवायची नसेल तर चहा ओत, म्हणाली. साडेसातला माणसं जमायला लागली, आणि त्यांत क्लिफ आला.

क्लिफ अठ्ठ्याहत्तरचा. जन्मभर पियानो जुळवून दिले. कान असा की शेजारच्या गल्लीतला बेसूर सांगेल, पण दिशेच्या नावाने शंख. घराच्या मागच्या दाराने बाहेर सोडलं तर पुढचं दार सापडायचं नाही. त्याने एकोणचाळीस वसंतफेऱ्या केल्या होत्या, सगळ्या वेळेत, सगळ्या मर्विनच्या चाकामागून नाहीतर मर्विनच्या कागदावरून. बायको एनिड गेली त्या वर्षीही आला होता. आज चाळिसावी. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या छातीत यंत्र बसवलं होतं, आणि डॉक्टर म्हणाला होता की पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

"गुडघा कुठला?" क्लिफने विचारलं.

"डावा."

"काल दुकानात उजवा होता. बरं ते जाऊ दे, तू नाहीस तर मी कुणाच्या मागे जाऊ?"

"जा की कुणाच्याही मागे. सगळ्यांकडे पडदे आहेत."

"पोरं ती, वाऱ्यासारखी पळतात. मला एकट्यालाच जायचंय. पण हे बघ!" क्लिफने हँडलवरची पिशवी पुढे केली. आत एक कागद होता. "टॅबिथाने माझ्यासाठी केला. एकट्यासाठी! तुझे जुने कागद ग्लेनिसकडून मागून नेले आणि तसाच केला."

मर्विनने वाचलं. खरंच तसाच होता. 'सरळ, कुत्रा (भुंकतो, चावत नाही).' त्याचे शब्द तिने उचलले होते, आणि जागच्या जागी बसवले होते. त्याच्या कानशिलात गरम झालं. तो पुढे वाचत गेला आणि एकेचाळिसाव्या मैलाला येऊन अडकला: 'स्टोनी क्रॉस. पाटी बघून लिटल पेनफोल्डकडे.'

त्याने पिशवी हातातून सोडली नाही.

"क्लिफ, ती पाटी..."

"तू लावलीस ना? मग झालं तर!" क्लिफ हसला. तेवढ्यात टॅबिथाने आठ वाजल्याची शिट्टी मारली, आणि त्याने पाय मारला. पस्तीस माणसं फाटकातून बाहेर पडली, शेवटचा क्लिफ, पिवळ्या टोपीत.

सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण त्या अर्ध्या मिनिटात टॅबिथा शेजारी उभी होती, आणि तिच्यासमोर सांगायचं म्हणजे पाना लावून काढला ते सांगायचं. मर्विन चहाची भांडी मांडायला आत गेला.

सकाळ कशी गेली ते त्याचं त्याला ठाऊक. क्लिफ ताशी सव्वानऊ मैलांनी जातो, म्हणजे साडेबाराच्या सुमाराला चौकात. गाडीने गेलं तर पंचवीस मिनिटं. पाना कोटाच्या खिशात होताच, गुरुवारपासून काढला नव्हता. साडेअकराला त्याने ग्लेनिसकडे गाडीची किल्ली मागितली.

"कशाला?"

"मलम आणतो. गुडघ्याला."

तिने किल्ली दिली. तो दारापर्यंत पोचला, आणि पहिली चार पोरं आत घुसली. लालबुंद, घामाघूम, तोंडं नुसती फुललेली.

"टॅबिथा, काय वाट काढलीस गं!" एक ओरडला. "ते हॅटन बॅरोचं फाटक! आम्ही चौघं थांबलो तिथे. मी कधी थांबत नाही!"

"आजवरची सगळ्यात भारी फेरी," दुसरा म्हणाला. "आधीची म्हणजे अगदीच..." आणि मर्विनला बघून त्याने तोंडात केक कोंबला.

टॅबिथाचे गाल लाल झाले. ती मर्विनकडे वळून म्हणाली, "निम्मी वाट तुमचीच आहे, मर्विन. मी फक्त चार तुकडे बदलले."

नुसती फुशारकी मारली असती तर बरं झालं असतं. हा मोठेपणा त्याच्या काळजात सुईसारखा गेला. जाऊ दे, तो मनात म्हणाला, क्लिफला रस्ता आठवेल. एकतीस वेळा गेलाय माणूस त्या चौकातून. नवीन बाजूने येणार आहे म्हणून काय झालं! किल्ली त्याने खुंटीला अडकवली आणि किटलीपाशी जाऊन उभा राहिला.

दोन वाजता तेहेतीस माणसं आली होती. अडीचला चौतिसावं माणूस आलं. पावणेतीनला टॅबिथा रस्त्यावर जाऊन उभी राहिली. क्लिफकडे फोन नव्हता, तो बाळगायचाच नाही. तीनला पाच कमी असताना हॉलमधलं बोलणं थांबलं. तीनचा ठोका पडला तेव्हा सगळे दाराकडे बघत होते, आणि मर्विन कपबश्या पुसत होता, पुसलेल्याच पुन्हा.

तीन वाजून बावीस मिनिटांनी पिवळी टोपी दिसली.

क्लिफ कमरेपर्यंत ओला होता, नेसफर्डचा ओढा पार करून आलेला. दोघांनी त्याला सायकलवरून उतरवून घेतलं. टॅबिथाने खुर्ची दिली, गुडघ्यांवर बसून त्याचे बूट काढले, पायांभोवती स्वतःचा स्वेटर गुंडाळला. क्लिफने हात तिच्या डोक्यावर ठेवला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा मर्विनला पहिलं काय वाटलं असेल तर हेच, की तो हात तिच्या डोक्यावर का. माणूस किती खाली जातो बघा.

"कार्ड द्या," टॅबिथा म्हणाली. "सात मैल जास्त फिरलात तुम्ही. मी शिक्का मारते."

"छे!" क्लिफ म्हणाला. "मर्व्हच्या राज्यात मेहुण्याची चार मिनिटं चालली नाहीत, माझी बावीस कशी चालतील? वेळ म्हणजे वेळ. एकोणचाळीसवर थांबलो म्हणायचं."

मर्विनने चहा आणून त्याच्या हातात दिला. तीन चमचे साखर, क्लिफला लागते तशी. क्लिफने कप धरला पण प्यायला नाही. वर बघून हळू आवाजात म्हणाला, "मर्व्ह, मी पाटी वाचली रे. थांबून वाचली. चष्मा पुसून वाचली. लिटल पेनफोल्ड, उजवीकडे. देवाशप्पथ मला तसंच दिसलं."

मर्विन खांद्यावरच्या फडक्याला हात पुसायला लागला.

"पण ती पाटी तर तू दर वर्षी लावतोस. तू लावलेली पाटी चुकायची नाही. म्हणजे चुकलो मीच." क्लिफचा आवाज फाटला. "एनिडचं असंच सुरू झालं होतं. घड्याळ बघायची आणि भलतीच वेळ सांगायची. शपथेवर सांगायची. मी तिच्यावर हसायचो."

"एकदा चुकतं माणूस, क्लिफ," ग्लेनिस म्हणाली. "म्हणून काय लगेच..."

"नाही गं. समोरची चार अक्षरं नीट दिसत नसतील, तर रस्त्यावर जायचा मला काय हक्क? उद्या कुणाच्या तरी गाडीखाली येईन आणि त्या बिचाऱ्याला जन्माचा घोर लावीन." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "सायकल विकून टाकतो. डॉक्टरला पण सांगायला हवं. टॅबिथा, तुझ्या ओळखीचं कुणी असलं तर बघ."

पस्तीसातल्या चौतीस जणांनी पडदे बघून वळण घेतलं होतं, पाटीकडे कुणी मान वर करून पाहिलंही नव्हतं. मर्विन गप्प बसला असता तर जगात कुणाला कळणार नव्हतं. फक्त क्लिफने आपलं डोकं गेलं असं धरून घरी जायचं, रोज सकाळी घड्याळाकडे घाबरून बघायचं आणि उरलेली वर्षं अशी काढायची. एवढीच किंमत होती. ती मर्विनला भरायची नव्हती, क्लिफला भरायची होती.

"तू बरोबर वाचलंस," मर्विन म्हणाला.

"काय?"

"पाटी वळलेली आहे. मी लावली नाही." तो आणखी मोठ्याने बोलला, मागच्यांना ऐकू जावं म्हणून, कारण अर्धवट सांगायची त्याला सवय नव्हती. "गुरुवारी गेलो होतो. पाना बोल्टला लावला आणि काढला. हिच्या वाटेवर लोक चुकावेत म्हणून. तुझ्याकडे कागद असेल हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी कळलं, तरी बोललो नाही. साडेअकराला निघालो होतो, गेलो नाही. पोरांनी हिचं कौतुक केलं ते मला बघवेना."

ग्लेनिसने हातातली किटली खाली ठेवली. टॅबिथाने पहिल्यांदाच न हसता त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठली पाटी?" बिचारी तिथून अकरा वेळा गेली होती, पण पडदा बघत; कागदावरची पाटीची ओळ तिने मर्विनच्या जुन्या कागदातून तशीच उतरवली होती.

क्लिफ मात्र मर्विनकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे उजवीकडेच होती?"

"हो. नेसफर्डच्या शेजारी."

"म्हणजे मला नीट दिसलं."

"नीट दिसलं."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की कपातला चहा हलला. गाल ओले झाले होते. ते त्याने टोपीने पुसले आणि सगळा चहा एका दमात प्यायला. कप परत देताना म्हणाला, "मर्विन, हलकट आहेस तू."

चाळीस वर्षांत त्याने पूर्ण नावाने हाक मारली नव्हती.

"आहे," मर्विन म्हणाला.

"माझी चाळिसावी खाल्लीस तू. पुढची होईल की नाही, देव जाणे."

"हो."

"पाना कुठेय?"

मर्विनने खिशातून काढला. बापाचा पाना, दांडा घासून गुळगुळीत झालेला.

"तो हिला दे."

इतका वेळ मान खाली घालून सगळं ऐकणारा मर्विन इथे मात्र उसळला. "हिला? तिला त्यातलं काय कळतंय? जुन्या मापाचा बोल्ट आहे तो, जास्त आवळला तर पाटीचा कान तुटेल, कमी आवळला तर..."

"मग शिकव," क्लिफ म्हणाला. "आत्ता. चांगला उजेड आहे अजून."

ग्लेनिसने खुंटीवरची किल्ली काढली. "मलम आणायचंच होतं ना? चला."

पाच वाजता चौघं स्टोनी क्रॉसला उभे होते. वारा पडला होता, कुंपणात पाखरं कलकलत होती. टॅबिथा कठड्यावर चढली, आणि मर्विन खालून तिला आधार देऊन उभा राहिला, गुडघे दोन्ही ठणठणीत.

"आधी अर्धा फेरा सैल कर. अर्धाच म्हटलं! आता पाटी फिरव. त्या वाकड्या झाडाकडे धर. हां. आता आवळ. हळू, बाई, हळू, नळाचा पाईप नाही तो."

"असं?"

मर्विनने डोळे बारीक करून पाहिलं. पाटी सरळ बसली होती. त्याने इतक्या वर्षांत कधी बसवली नव्हती इतकी सरळ. त्याच्या पोटात पुन्हा कळ आली, जुनी, ओळखीची. ती काही एका दिवसात जाणारी नव्हती.

"बरी आहे," तो म्हणाला.

तिने खाली उतरून पाना पुढे केला. मर्विनने क्लिफकडे पाहिलं. क्लिफ दुसरीकडे बघत होता. मर्विनने हात मागे घेतला. "असू दे तुझ्याकडे. तेल लावून ठेव. आणि गुरुवारीच ये, शनिवारी नाही. मध्ये दोन दिवस वाऱ्याला द्यावे लागतात, धरते की नाही ते कळतं."

क्लिफ खांबाखाली जाऊन उभा राहिला होता. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि मान वर करून मोठ्याने वाचायला लागला. "लिटल पेनफोल्ड, अडीच मैल." दोन पावलं सरकला. "नेसफर्ड, सव्वातीन." पुन्हा सरकला. "हॅटन बॅरो, चार. ब्रॉक्स्टन, बारा." मग मर्विनकडे वळून पाहिलं. "बरोबर?"

"बरोबर," मर्विन म्हणाला.

क्लिफने मान डोलावली आणि पहिल्या पाटीपासून पुन्हा वाचायला घेतलं.